पंचनाम्याच्या आधीचा कागद

(चौसाळा येथील जिल्हा बैठकीत आमच्या भागातील शेतकऱ्यांच्या वतीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण बैठकीला जमलो की बोलणे भावाचे निघते, कर्जाचे निघते, विजेचे निघते. आज आम्ही त्यातले काही बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते संकटाबद्दल. संकट येऊन गेल्यावर सरकारकडे काय मागायचे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. निवेदन, मोर्चा, रास्ता रोको यांत आपण कुणाला हार जाणार नाही. पण संकट यायच्या आधी गावाने गावासाठी काय करायचे, या परीक्षेत आपण नापास आहोत. आम्ही तर नक्कीच नापास झालो. ती हकीगत सांगायलाच उभे राहिलो आहोत.

२०२५ चा सप्टेंबर इथे कुणी विसरलेला नाही. दुष्काळी मुलूख म्हणून ज्याचे नाव देशभर झाले, त्या मराठवाड्यात उत्तरा नक्षत्राच्या पावसाने नदीकाठची शेते धुऊन नेली. सोयाबीन उभ्या उभ्या कुजले, कापसाची बोंडे काळी पडली. काही ठिकाणी तर पिकाखालची मातीच गेली आणि मुरूम उघडा पडला. ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातले कुणाच्या पदरात किती पडले, तो हिशेब दुसऱ्या बैठकीत घेऊ.

त्या दिवसांत आमच्या गावात पारावर पंचनामा चालला होता. गट नंबर, पीक, किती टक्के गेले, जनावरे किती गेली, असे लिहून घेणे सुरू होते. एक म्हातारी पुढे आली. मुलगा पुण्याला कंपनीत, घरात ती आणि एक नातू. तिची दुभती म्हैस ओढ्याकाठच्या गोठ्यात दाव्याला बांधलेली होती, ती बांधलेल्या जागीच बुडाली. नाव सांगून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "तिथं पाणी चढतं हे मला ठावं होतं. तुम्हा समद्यांनाच ठावं होतं. मग रातच्याला दावं कापायला कुणी का न्हाई आलं?"

लिहिणाऱ्याच्या कागदावर या प्रश्नाला रकाना नव्हता. तो बिचारा काय लिहिणार! पण आम्ही वीस-पंचवीस गावकरी उभे होतो, आम्हालाही काही बोलता आले नाही. तिचे म्हणणे खरे होते. तो गोठा सखल जागी आहे हे सगळ्यांना माहीत होते. म्हातारी एकटी आहे हेही माहीत होते. वरच्या अंगाला पाऊस कोसळतो आहे हे तर रात्री दहा वाजल्यापासून फोनवर कळत होते. तीनही गोष्टी गावात होत्या, पण तीन वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यात होत्या. त्या एका कागदावर आल्या असत्या तर एक म्हैस वाचली असती.

तेव्हा आम्ही ठरवले की पंचनाम्याच्या आधीचा एक कागद गावाने स्वतः करायचा. गेलेल्याची यादी तलाठी करतो. (आता त्याचे पदनाम बदलले आहे, पण आपण तलाठीच म्हणतो.) जाऊ शकेल त्याची यादी आपण करायची. तो कागद करताना जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मागच्या संकटाची तयारी

कागद करायला बसलो तेव्हा पहिले बोलणे साहजिकच मागच्या पुराचे निघाले. पाणी कुठपर्यंत आले, कोणता फरशी पूल बुडाला, कोणाची मोटर वाहून गेली. तेवढे लिहून उठावे असे बऱ्याच जणांचे मत होते. एक जाणता माणूस म्हणाला, थांबा, मागचे संकट डोळ्यापुढे ठेवून केलेली तयारी पुढच्या संकटात अंगावर येते. आम्हाला ते आधी पटले नाही. मग त्याने किल्लारी काढली.

१९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट. गणपतीचे विसर्जन आटोपून माणसे उशिरा निजली होती. चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हलली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. आपल्याकडेही भांडी वाजली होती. त्यानंतर कित्येक रात्री आपण अंगणात काढल्या. ती माणसे कशाने मेली? नुसती जमीन हलल्याने उघड्यावरचा माणूस मरत नाही. माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली मेली. ते माळवद घातले कुणी? आपल्याच लोकांनी. उन्हाळ्यात घर गार राहावे, चोराला भिंत फोडता येऊ नये, म्हणून हातभर जाडीच्या भिंती. पावसात गळू नये म्हणून मृगाआधी छपरावर पांढऱ्या मातीचा नवा थर. बापाने थर घातला, मुलाने घातला, नातवाने घातला. जुना थर काढायचे कुणाच्या मनात आले नाही. ऊन, पाऊस आणि चोर, तिघांचाही बंदोबस्त चोख झाला आणि डोक्यावर टनांनी ओझे साठले. त्या भागाला १९९२ च्या ऑक्टोबरपासूनच हादरे बसत होते. लोक घाबरले होते. छपरावरची माती मात्र होती तिथेच राहिली.

हे ऐकल्यावर आम्ही गप्प झालो आणि मग एकेकाला आपल्या गावातली उदाहरणे सुचू लागली.

१९७२ च्या दुष्काळाचे बघा. तेव्हा जी माणसे तरुण होती ती आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली. खडी फोडली, सुकडी खाल्ली, नाल्यांवर माती टाकली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामावर होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्यातूनच गावोगाव पाझर तलाव उभे राहिले. चांगले काम झाले, त्याला नावे ठेवणार नाही. त्या तलावांनी विहिरी जगवल्या. पण ते पाणी थोडे आहे आणि थेंब थेंब अडवायचा आहे, अशा काळाच्या मनाने बांधलेले तलाव होते. पन्नास वर्षांनी त्याच तलावावर एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडू लागला. भरावावर बाभळी उगवल्या आहेत, घुशींनी बिळे केली आहेत, सांडव्यात कुणी मुरूम टाकून वाट केली आहे तर कुणी ज्वारी पेरली आहे. सांडवा बंद झाला की पाणी भरावावरून जाते. मातीच्या भरावावरून पाणी गेले की तो किती वेळ टिकणार? खाली वस्ती आहे. पाणी देणारा तलाव एका रात्रीत तोफ होऊन बसतो.

तिसरे उदाहरण बोअरचे आणि शेततळ्याचे. बहात्तरला धान्य नव्हते, पण बऱ्याच विहिरींना प्यायपुरते पाणी होते. २०१३ ला दुकानात धान्य होते, विहिरीत पाणी नव्हते. या चाळीस वर्षांत काय बदलले? बहात्तरनंतर बोअरच्या गाड्या आल्या. ज्याने त्याने आपापल्या दुष्काळाची तयारी आपापल्या बांधात केली. याची दोनशे फूट, तर त्याची चारशे. मग आठशे. राज्याचा भूजल कायदा शेतीसाठी दोनशे फुटांखाली जाऊ नका म्हणतो. तो कायदा आपल्यापैकी किती जणांनी ऐकला आहे, हे हात वर करून विचारत नाही. मग शेततळी आली. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवायला शेततळे, ही कल्पना उत्तम. पण प्लास्टिक अंथरून बोअरचे पाणी उपसून त्यात साठवले, तर ते साठवण कसले? जमिनीखाली सगळ्यांचे असलेले पाणी उन्हात उघडे ठेवून आपल्या नावावर करून घेणे झाले. त्यातले किती वाफ होऊन जाते त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

शेततळ्यात पाणी मावते तरी किती? आपल्या भागातली मांजरा बालाघाटात उगम पावते आणि धनेगावला अडते. ते धरण लातूर शहराला पाजते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ते कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत त्या गाडीचे फोटो आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि पाणी होते पाच लाख लिटर. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल अशा एका शेततळ्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते. म्हणजे तशा चार गाड्या एका शेतकऱ्याच्या बांधात उभ्या आहेत, आणि शेजारच्या वस्तीवर टँकर येतो. दोष त्या शेतकऱ्याचा नाही. मोसंबी लावली आहे, कर्ज काढले आहे, त्याने आपली बाग वाचवायची नाही तर काय करायचे? पण गावाचा धोका त्याने कमी केला की वाढवला, याचे उत्तर उघड आहे.

शेजारच्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजाराने हा प्रश्न गावाच्या पातळीवर सोडवला, हे तुम्ही ऐकलेच असेल. कित्येकांनी सहलीही काढल्या. परत येताना तिथले डोंगर कसे हिरवे आहेत एवढेच सांगत आलो. तिथले खरे काम डोंगरावर दिसत नाही, ते ग्रामसभेत होते. पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजतात, प्यायला किती, जनावरांना किती, पिकाला किती याची मांडणी करतात आणि मग रब्बीला काय घ्यायचे ते ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, एवढे पाठ केले की कुठल्याही गावाला हा हिशेब करता येतो. हजार हेक्टरचे शिवार आणि ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर वरून ६०० कोटी लिटर पडले. त्यातले बहुतेक वाहून जाते आणि उडून जाते. आपला काळा खडक फार थोडे पाणी पोटात घेतो. उरते किती, तेवढ्यावर भांडायचे असते.

शिवारफेरी

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. फार मोठे काही केले नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी शिवारफेरी काढली. पहिली चूक तिथेच झाली. निघालो ते सगळे पुरुष, त्यातही पांढऱ्या कपड्यातले जास्त. दोन तास हिंडून जे लिहिले ते आम्हाला आधीच माहीत होते. दुसऱ्या दिवशी देवळासमोर अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला. त्याला मात्र बायका आल्या, शाळेची मुले आली, एक मेंढपाळही आला. मग रंगत आली. आम्ही ओढा सरळ काढला होता. मेंढपाळ म्हणाला, ओढा असा नाही, वरच्या अंगाला जुन्या पात्रातून एक फाटा निघतो, मोठ्या पावसात पाणी आधी तिकडून येते आणि वस्तीच्या पाठीमागे निघते. आम्ही सगळे पुढच्या पुलाकडे बघत बसतो आणि पाणी मागून येते! जुने पात्र गेल्या काही वर्षांत नांगरून सपाट झाले आहे, सातबाऱ्यावर ते शेतच आहे. पाण्याला सातबारा वाचता येत नाही.

बायकांनी दाखवले की ज्या डीपीवरून वस्तीची वीज येते तिच्या पायाशी दरवर्षी पाणी साचते आणि नळाला जाणारी वाट तिथूनच आहे. मुलांनी सांगितले की शाळेच्या एका खोलीचे पत्रे सैल आहेत, वाऱ्यात वाजतात. आणि आमच्या योजनेत पूर आला तर माणसे शाळेत नेऊन बसवायची होती. शाळेची किल्ली कुणाकडे असते? मास्तरांकडे. मास्तर राहतात बीडला. मग दुसरी किल्ली करून शाळेजवळच्या घरी ठेवायचे ठरले. या एका किल्लीसाठी आम्हाला तीन आठवडे लागले, यावर तुम्ही हसाल. हसा, पण घरी गेल्यावर आपल्या गावच्या शाळेची किल्ली कुठे असते ते विचारून बघा.

पुराच्या खुणाही केल्या. मागच्या पावसात पाणी जिथवर चढले तिथे शाळेच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, देवळाच्या ओट्यावर तेल-रंगाने रेघ मारली आणि साल लिहिले. बीड शहरात १९८९ च्या जुलैत बिंदुसरेच्या पुराने हाहाकार केला, माणसे गेली. आज नदीकाठच्या तरुण मुलांना विचारा, पाणी कुठवर आले होते? आठवण तीस वर्षांत पुसते आणि तेवढ्या वेळात पात्रात घरे उभी राहतात. रंगाचा एक डबा तेवढे तरी काम करतो.

अर्धे गाव कुठे आहे?

यादी करताना सगळ्यात जास्त अडलो ते माणसांच्या रकान्यात. गावात किती माणसे, असा साधा प्रश्न. मतदार यादी काढली, रेशनची यादी काढली. एका बाईने विचारले, कोणत्या महिन्यातली माणसे?

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला तोड नाही. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी निघते, बैल निघतात, कडेवरचे मूल निघते. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे. मार्च-एप्रिलपर्यंत काही वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले एवढीच राहतात. फेब्रुवारी-मार्चची गारपीट याच काळात येते. २०१४ ची गारपीट आठवा. कडब्याच्या गंजीला आग लागते ती याच काळात, आणि विहिरी तळ गाठू लागतात त्याही याच काळात. म्हणजे जूनमध्ये केलेला कागद नोव्हेंबरात खोटा ठरतो. "पूर आल्यास चार तरुणांनी दोर घेऊन वस्तीवर जावे" असे आम्ही ऐटीत लिहिले होते. त्या चारपैकी तिघे कोयत्यावर जातात.

म्हणून कागद वर्षातून दोनदा करायचा ठरवले. एक मृगाआधी, एक कोयते निघाल्यावर. दुसऱ्या कागदात फक्त मागे राहिलेल्यांची नावे. कोणत्या घरात म्हातारी एकटी, कोणत्या घरात आजीजवळ दोन नाती, कुणाला दिसत नाही, कुणाची गोळी रोजची आहे, कुणाचे दिवस भरत आले आहेत. प्रत्येक अशा घरावर शेजारचे एक घर नेमले. ही यादी पुरुषांना करता आली नाही, ती बायकांनी तासाभरात केली. आणि गेलेल्यांचे फोनही लिहून ठेवले, मुकादमासकट. इथे काही झाले तर तिकडे कळले पाहिजे, आणि तिकडे उसाच्या फडात साप चावला, ट्रॉली उलटली, तर इथे कळले पाहिजे. जो तिकडे झोपडीत राहतो तोही याच गावचा माणूस आहे.

पेव आणि पावती

जुन्या माणसांनी तयारी केली नव्हती असे समजू नका. वाड्यात पेव असे, जमिनीत दोन-दोन वर्षे ज्वारी राही. पाऊस दगा देणार हे धरूनच पेरणी होई. कापसात तुरीचे पाटे, कडेला अंबाडी, खाली मूग-उडीद. एक गेले तर दुसरे हाती येई. ज्वारीच्या कडब्याची गंज हा तर दुष्काळाचा विमाच होता. हप्ता नाही, अर्ज नाही, मंडळ नाही. आता ज्वारी हटली, सोयाबीन आले. सोयाबीनने रोख पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या भुसकटाला कडब्याची सर येत नाही. आम्ही हिशेब केला. मोठ्या जनावराला दिवसाला सहा किलो वाळला चारा धरा. जानेवारी ते जून सहा महिन्यांचे १,०८० किलो, म्हणजे जनावरामागे जवळपास अकरा क्विंटल. गावातली जनावरे मोजली, गंजी मोजल्या. मार्चमध्येच चारा संपतो असे निघाले, तेही पाऊस बरा झालेल्या वर्षी. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात शेकडो छावण्या का लागल्या, त्याचे उत्तर आम्हाला आमच्याच वहीत सापडले. या रब्बीला काही घरांनी बांधाच्या कडेच्या दोन-दोन एकरांत ज्वारी घ्यायचे कबूल केले आहे. सगळ्यांनी नाही. ज्याला दिवाळीला सोयाबीन विकून दुकानदाराची उधारी मिटवायची आहे, त्याला "कडब्यासाठी पेर" असे सांगायला तोंड लागते. घरात शिल्लक असेल तर माणूस पुढच्या वर्षाचा विचार करतो. शिल्लक का नाही, ते तुम्हाला या बैठकीत समजावून सांगायची गरज नाही.

विम्याबद्दलही लोक विचारतात. पीक विमा भरा, जरूर भरा. २०२३ ला एका रुपयात मिळत होता, २०२५ ला ती सोय गेली. पण हे ध्यानात ठेवा की त्याचा हिशेब महसूल मंडळाचा असतो. चौसाळा मंडळात किती गावे आहेत? डोंगराच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन, हे आपण रोज बघतो. अतिवृष्टीही मंडळाच्या पर्जन्यमापकावर ठरते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले तर अतिवृष्टी. यंत्र जिथे आहे तिथे ६० झाले आणि तुमच्या शिवारात १०० झाले, तर तुम्ही वाहून गेलात तरी कागदावर कोरडे.

म्हणून आम्ही शाळेच्या आवारात स्वतःचा पर्जन्यमापक मांडला. खाली-वर सारख्या तोंडाचे सरळ भांडे, आत फूटपट्टी, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला मुले वाचतात, वहीत लिहितात, आठवड्याला सरपंच सही करतात. सरकार ही वही मानत नाही, हे आम्हाला कळते. पण "आमच्याकडे फार पाऊस झाला" असे निवेदनात लिहिणे वेगळे आणि वीस दिवसांचे आकडे सहीनिशी पुढे ठेवणे वेगळे. पैसेवारीच्या वेळीही तसेच. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर सवलती ठरतात आणि आपल्याला आकडा कळतो तो छापून आल्यावर. कापणी प्रयोगाच्या शेतात त्या दिवशी गावचे चार लोक तरी हजर असावेत, एवढे आम्ही पाळायचे ठरवले आहे.

विजेबद्दल थोडे सांगतो, कारण ती सगळ्यात स्वस्तात टळते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. आकाशातली वीज म्हणतो आहे. खुरपणीला गेलेल्या बाया पाऊस आला की लिंबाखाली गोळा होतात. तिथेच घात होतो. सरकार वारसांना ४ लाख देते. चार लाख घेऊन काय करायचे? पुण्याच्या हवामान संस्थेने दामिनी नावाचे ॲप काढले आहे, आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजेची सूचना देते. ज्याच्याजवळ तसला फोन असेल त्याने बघावे. नसेल तर मोजावे. वीज चमकली की आकडे मोजायला लागा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम टाकून पक्क्या घरात. घर लांब असेल तर झाडापासून दूर, सखल जागी, पाय जुळवून उकिडवे बसा. मोकळ्यावर पूर्ण धोका टळत नाही, पण झाडाखालच्यापेक्षा बरे. मालकीणबाईंनी त्या वेळी "एवढी ओळ उरका" म्हणू नये. हे आम्ही बायकांच्या बैठकीत बोललो तेव्हा एक मजूर बाई म्हणाली, हे आम्हाला नका सांगू, रोजंदारी कापणाऱ्याला सांगा. तेव्हा इथे बसलेल्या शेतमालकांना सांगतो.

आता शेवटी आमचे अडलेले काम. तलावाच्या भरावावरच्या बाभळी तोडल्या, बिळे बुजवली. हे श्रमदानाने झाले. सांडव्याचे मात्र जमले नाही. आधी एका कार्यालयात गेलो, त्यांनी तलाव आमच्याकडे नाही म्हणून दुसरे कार्यालय दाखवले, दुसऱ्याने पहिले दाखवले. ते एक वेळ चालले असते, आम्ही स्वतः मोकळा केला असता. पण सांडव्यात ज्याची ज्वारी आहे तो आमच्यातलाच आहे. त्याचे म्हणणे, माझी वरची जमीन तलावात गेली तेव्हा मोबदला नीट मिळाला नाही, हा तुकडा मी सोडणार नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. खालच्या वस्तीवर एकवीस घरे आहेत, त्यांचेही खोटे नाही. दोनदा बैठक झाली, दुसऱ्यांदा शब्दाला शब्द वाढला. आता वस्तीच्या घरांनी मिळून त्याला दरवर्षी त्या तुकड्याच्या पिकाएवढी ज्वारी द्यावी आणि त्याने सांडवा मोकळा ठेवावा, असा एक विचार पुढे आला आहे. तो अजून त्याला पटलेला नाही आणि वस्तीलाही पुरता पटलेला नाही.

मृगाला फार दिवस नाहीत. आमचा कागद मंडपाच्या डाव्या खांबाला लावला आहे, त्यातल्या चुका दाखवा. आणि ज्या गावाने असा सांडव्याचा वाद मिटवला असेल, त्या गावच्या लोकांनी जेवणानंतर निघून जाऊ नये, आम्हाला गाठावे.